पोर्ट ऐकेनासा झाला तर: लिनक्स सर्व्हर नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

फोन येतो, "ॲप उघडत नाहीये." तुम्ही सर्व्हरवर शिरता, सर्व्हिसची स्थिती विचारता, तर हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ दिसतं. तरीही बाहेरून कोणालाच जोडता येत नाही. अशा वेळी नव्या माणसाचा हात सरळ रीस्टार्टवर जातो. सर्व्हिस उठते, फोन थांबतात. दोन दिवसांनी रात्री दीड वाजता तोच फोन परत येतो.

म्हणून सगळ्यात आधी एक विनंती. रीस्टार्ट करण्यापूर्वी दोन मिनिटं थांबा आणि सर्व्हर त्या क्षणी कसा दिसतोय ते टिपून घ्या. पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांनी सर्व्हिसला जोडायचा क्रमांक, कोणाच्या ताब्यात होता, रांगेत किती जोडण्या अडकल्या होत्या, किती फाइली उघड्या होत्या, हे सगळं त्या चालू प्रोसेसमध्ये असतं. प्रोसेस मारली की पुरावाही गेला. मी हे तीन रात्री जागून शिकलो. ती हकीगत पुढे सहाव्या पायरीत आहे.

इथे कमांडही देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या आहेत. अक्षरांचा अर्थ जिथल्या तिथे सांगितला आहे, त्यामुळे अडचण येऊ नये.

हाताशी काय काय हवं

- सुडोचा, म्हणजे मुख्य प्रशासक म्हणून कमांड चालवायचा, अधिकार. तो नसेल तर दुसऱ्याच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत आणि निम्मं चित्र रिकामं राहतं.
- सर्व्हरच्या नेटवर्कबाहेरचं एखादं मशीन. मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला लॅपटॉप पुरतो.
- एसएस (जोडण्या दाखवणारं), एनसी (जोडून बघणारं), एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारं) आणि जर्नलसीटीएल (लॉग दाखवणारं) ही साधनं. एसएस बहुतेक ठिकाणी आधीच असतं. एनसी आणि एलएसओएफ कधीकधी नसतात. ती शांत दिवशी बसवून ठेवा, कारण डिस्क भरलेली असेल तर ऐन वेळी काहीच बसवता येत नाही.
- सर्व्हिसचा पोर्ट, सेटिंगची फाइल कुठे आहे आणि लॉग कुठे जातो, हे लिहिलेला एक कागद. खरोखरचा कागद.
- क्लाउडवरचा सर्व्हर असेल तर वेब पॅनेलमधला कन्सोल. त्यातून लॉगिन होतं का, हे एकदा करून बघितलेलं असावं.

१. ‘ऐकणं’ म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्या

प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, एक सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, मागतो. मग ‘बाइंड’ करून त्याला पत्ता आणि पोर्ट जोडतो. मग ‘लिसन’ म्हणतो. इथून पुढे बाहेरून येणाऱ्या जोडणीचा टीसीपीचा सुरुवातीचा हस्तांदोलनाचा भाग कर्नल स्वतःच उरकतो आणि तयार जोडणी एका रांगेत ठेवतो. प्रोग्राम ‘ॲक्सेप्ट’ करून रांगेतून एकेक जोडणी उचलतो.

यातली हस्तांदोलनाची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती कर्नल करतो, प्रोग्राम करत नाही. त्यामुळे प्रोग्राम पूर्ण अडकून पडला असला तरी बाहेरच्याला थोडा वेळ ‘जोडलं गेलं’ असंच दिसतं, फक्त उत्तर येत नाही. आणि प्रोसेस जिवंत आहे म्हणून ती ऐकत असेलच असंही नाही. ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ एवढंच सांगतं की प्रोसेस मेलेली नाही.

२. बाहेरून जी चूक दिसते ती शब्दशः वाचा

"कनेक्ट होत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. बाहेरच्या मशीनवरून स्वतः करून बघा: ‘एनसी -व्हीझेड’, पुढे सर्व्हरचा पत्ता, पुढे पोर्ट. व्ही म्हणजे सविस्तर सांग, झेड म्हणजे काही न पाठवता फक्त जोडून बघ.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट नकार आला. बहुतेक वेळा याचा अर्थ त्या पत्त्यावर त्या पोर्टशी कोणीच बसलेलं नाही. शोध सर्व्हरच्या आत.

‘टाइम्ड आउट’ आलं, तर उत्तरच आलेलं नाही. मधली फायरवॉल पॅकेट गिळते आहे, क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट उघडलेला नाही, पत्ता चुकला आहे किंवा सर्व्हर बंद आहे. आणखी एक कारण असतं, ते नव्या माणसाला माहीत नसतं: रांग भरलेली असणं. त्यावर पुढे बोलू.

‘नो रूट टू होस्ट’ आलं आणि त्याच सर्व्हरचे बाकीचे पोर्ट चालत असतील, तर रूटिंग शोधत बसू नका. फायरवॉल-डीची नकार देण्याची ती नेहमीची पद्धत आहे.

आता हीच तपासणी सर्व्हरच्या आतून करा, एकदा १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःशी बोलायच्या पत्त्यावर, आणि एकदा सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर. आतून दोन्ही चाललं आणि बाहेरून नाही, तर सर्व्हिसला हात लावायचं कारण नाही. १२७ वर चाललं आणि खऱ्या पत्त्यावर नाही, तर पुढची पायरी तुमच्याचसाठी आहे.

३. कोण कुठे ऐकतंय ते बघा

कमांड: ‘सुडो एसएस -टीएलएनपी’. टी म्हणजे टीसीपी, एल म्हणजे फक्त ऐकणारी सॉकेट, एन म्हणजे नावांऐवजी आकडे, पी म्हणजे प्रोसेस. जुन्या सर्व्हरवर हीच अक्षरं ‘नेटस्टॅट’ला देता येतात. फ्रीबीएसडीवर ‘सॉकस्टॅट -४ -एल’ वापरतात.

एक ओळ साधारण अशी दिसते:

लिसन · ० · २४४ · १२७.०.०.१:५४३२ · ०.०.०.०:*

चौथ्या रकान्यात पत्ता आहे, आधी तो वाचा. ०.०.०.० म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. १२७.०.०.१ म्हणजे फक्त याच सर्व्हरच्या आतून येणाऱ्यांचं ऐकतो, बाहेरच्याला ‘रिफ्यूज्ड’ मिळणार. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळातच असा येतो. त्याच्या सेटिंगमधलं ‘लिसन ॲड्रेसेस’ सुरुवातीला ‘लोकलहोस्ट’ असतं. ते बदलून नुसतं रीलोड केलं तर काही होत नाही, रीस्टार्टच लागतो. यावर माणसं तासच्या तास घालवतात, कारण बाकीच्या बऱ्याच सेटिंग रीलोडने लागू होतात. आणि जर चूक ‘पीजी एचबीए’च्या (कोणाला आत घ्यायचं त्या यादीच्या) नावाने येत असेल तर डेटाबेस ऐकतो आहे, फक्त तुम्हाला आत घेत नाही. तो वेगळा प्रश्न. उबुंटू आणि डेबियनवरच्या मारियाडीबीचंही असंच, तिथे ‘बाइंड ॲड्रेस’ बघा.

एखादा प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतो आणि जोडणारा ‘लोकलहोस्ट’ लिहितो. लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६ चा ::१ असा लागला आणि जोडणाऱ्याने दुसरा पत्ता करून बघितला नाही, तर ‘रिफ्यूज्ड’. शंका आली की नाव टाळून आकडाच लिहून बघा.

डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन, वापरत असाल तर अजून एक सापळा. बाहेर, म्हणजे होस्टवर, एसएसमध्ये पोर्ट ऐकताना दिसतो, पण तो ‘डॉकर-प्रॉक्सी’चा असतो. कंटेनरच्या आतला प्रोग्राम स्वतःच्या १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर जोडणी लागते आणि लगेच तुटते. आतल्या प्रोग्रामला ०.०.०.० वर ऐकायला सांगा.

पोर्टची ओळच नाही? मग सर्व्हिस खरोखरच ऐकत नाही. लॉगकडे चला.

४. लॉगमधली शेवटची नाही, पहिली चूक शोधा

‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ फक्त शेवटच्या थोड्या ओळी दाखवतं. त्यावर थांबू नका. ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या, ‘-बी’ जोडला तर या बूटपासूनचाच लॉग येतो. मग वर वर सरकत जा, जिथे सगळं ठीक चाललं होतं तिथपर्यंत. त्यानंतरची पहिली तक्रार महत्त्वाची, खालचा गोंगाट तिच्यामुळे झालेला असतो.

दोन गोष्टी ओळखून ठेवा. ‘स्टार्ट लिमिट हिट’ दिसलं तर ते कारण नव्हे. सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा उठून पडली, म्हणून सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने) प्रयत्न सोडले, एवढाच अर्थ. खरं कारण त्याच्या वर आहे. ते दुरुस्त करा, मग ‘सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड’ करून सर्व्हिस सुरू करा.

दुसरं, ‘सिग्नल किल’ दिसलं आणि कोणी माणसाने मारलेलं नसेल, तर ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपल्यावर कर्नल सगळ्यात जड प्रोसेस निवडून मारतो, आणि ती बहुतेकदा तुमचा डेटाबेस असते. खाणारा मात्र दुसराच कोणी असू शकतो.

५. नेहमी भेटणाऱ्या चुका

*ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.* त्या पोर्टवर आधीच कोणीतरी बसलंय. तिसऱ्या पायरीतली कमांड त्याचं नाव सांगेल. उबुंटूवर वरचेवर घडणारा प्रकार असा: एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर चालू असतो, एखादं पॅकेज बसवताना त्याच्यासोबत अपाची हा दुसरा वेब सर्व्हर येतो आणि बूटला आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत बसतो. त्या दिवशी काही कळत नाही. महिन्याभराने सर्व्हर रीबूट होतो, अपाची आधी उठतो, पोर्ट ८० घेतो आणि एन्जिनएक्स बाहेर राहतो. नको असलेली सर्व्हिस नुसती थांबवू नका, ‘डिसेबल’ही करा.

पोर्ट अडवून बसलेली आपल्याच सर्व्हिसची जुनी प्रोसेस असेल तर साधा ‘किल’ द्या आणि थोडं थांबा. ‘किल -९’, म्हणजे आवरायची संधी न देता मारणं, हा पहिला उपाय नाही, डेटाबेसच्या बाबतीत तर नाहीच.

*परमिशन डिनाइड.* १०२४ च्या खालच्या पोर्टवर बसायला खास अधिकार लागतो. काही जण ‘सेटकॅप’ने तो प्रोग्रामच्या फाइलला देतात. पुढे अपडेट होतो, फाइल नवी येते, अधिकार पुसला जातो आणि "काहीच बदललं नाही तरी बंद पडलं" अशी तक्रार येते. त्यापेक्षा सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘ॲम्बियंट कॅपॅबिलिटीज’खाली तो अधिकार लिहा, तिथे तो टिकतो. पोर्ट १०२४ च्या वर असूनही हीच चूक आली आणि सर्व्हर रेड हॅटच्या घराण्यातला, म्हणजे रॉकी किंवा अल्मा वगैरे असेल, तर एसईलिनक्स, म्हणजे जादा सुरक्षेचे नियम लावणारी यंत्रणा, बघा. ‘ऑसर्च -एम एव्हीसी’ नकाराची नोंद दाखवतं, आणि ‘सेमॅनेज पोर्ट’ने त्या सर्व्हिसच्या यादीत तुमचा पोर्ट घालता येतो. एसईलिनक्सच बंद करायचा सल्ला बरेच जण देतील. एका पोर्टसाठी अख्ख्या घराचं कुलूप काढू नका.

*कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस.* सेटिंगमध्ये लिहिलेला आयपी या सर्व्हरवर आत्ता नाही. टायपिंगची चूक असेल, किंवा बूटच्या वेळी नेटवर्क आणि व्हीपीएन उठण्याआधीच सर्व्हिस उठली असेल. हाताने सुरू केली की चालते आणि रीबूटनंतर पडते, ही याची खूण. सर्व्हिस फाइलमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ हे ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्हीत लिहा.

*नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.* ‘डीएफ -एच’ बघा आणि लगोलग ‘डीएफ -आय’ही बघा. जागा शिल्लक असून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठीचे कप्पे, संपलेले असू शकतात. मोठा लॉग पुसला तरी जागा सुटली नाही, तर कोणत्यातरी प्रोसेसने ती फाइल धरून ठेवली आहे. ‘एलएसओएफ +एल१’ (इथला एल मोठा) तिचं नाव सांगतं. पोस्टग्रेसच्या ‘पीजी वॉल’ फोल्डरमधल्या फाइली जागेसाठी कधीही, कधीही पुसू नका. लॉग वाटतात, पण तो तुमचा डेटा आहे.

६. प्रोसेस जिवंत, पोर्ट उघडा, तरीही टाइम्ड आउट

हीच ती तीन रात्रींची गोष्ट. पायथनमध्ये लिहिलेली आमची एक छोटी सर्व्हिस होती, पोर्ट ९००० वर. बाहेरच्या उपकरणांकडून मोजमापं घ्यायची आणि डेटाबेसमध्ये टाकायची, एवढंच तिचं काम. ती साधारण चाळीस मिनिटं चालायची आणि मग बाहेरच्यांना ‘टाइम्ड आउट’. टाइम्ड आउट म्हणजे फायरवॉल, असं मी धरून चाललो होतो. पहिली रात्र फायरवॉलच्या नियमांत गेली, दुसरी नेटवर्कच्या माणसांशी बोलण्यात. दर वेळी रीस्टार्ट केला की चालू, त्यामुळे पुरावा मीच पुसत होतो.

तिसऱ्या रात्री रीस्टार्टआधी एसएसची ओळ नीट वाचली. पोर्ट ९००० समोर आकडे होते: १०१ आणि १००.

ऐकणाऱ्या सॉकेटच्या ओळीत दुसरा रकाना म्हणजे रांगेत आत्ता थांबलेल्या जोडण्या, आणि तिसरा म्हणजे रांगेची मर्यादा. निरोगी सर्व्हिसमध्ये दुसऱ्या रकान्यात ० किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो. इथे रांग तुडुंब होती. प्रोग्राम काही उचलतच नव्हता. रांग भरली की लिनक्स नवीन येणाऱ्याला नकार देत नाही, त्याचं पॅकेट नुसतं सोडून देतो. बाहेरच्याला म्हणून ‘रिफ्यूज्ड’ न दिसता ‘टाइम्ड आउट’ दिसतं, अगदी फायरवॉलसारखं.

प्रोग्राम उचलत का नव्हता? लॉगमध्ये सेकंदासेकंदाला एकच वाक्य होतं: ‘टू मेनी ओपन फाइल्स’. प्रत्येक जोडणी ही लिनक्सच्या लेखी एक उघडी फाइल असते. सिस्टमडीखाली चालणाऱ्या सर्व्हिसला ती मर्यादा, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, साधारणपणे १०२४ मिळते. ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘लिमिट्स’ फाइलमध्ये मर्यादा दिसते आणि ‘एफडी’ फोल्डरमध्ये उघड्या फाइली मोजता येतात. मोजल्या, तर बरोबर १०२४.

मग ‘एसएस -टीएएन’, ए म्हणजे सगळ्या जोडण्या. पडद्यावर खालपासून वरपर्यंत एकच शब्द: ‘क्लोज-वेट’. याचा अर्थ पलीकडच्याने जोडणी बंद केली आहे आणि आपल्या बाजूच्या प्रोग्रामने अजून ती सोडलेली नाही. क्लोज-वेट वाढत जाणं म्हणजे आपल्याच कोडमधली गळती, दुसरीकडे बोट दाखवायला जागा नाही. उपकरणाने अर्धवट डेटा पाठवला की कोड चुकीच्या वाटेने बाहेर पडायचा, आणि त्या वाटेवर जोडणी बंद करायची ओळ लिहायची राहिली होती. एक ओळ.

मर्यादा वाढवून भागलं असतं का? ६५५३६ केली असती, तर चाळीस मिनिटांऐवजी पावणेदोन दिवसांनी सर्व्हिस पडली असती आणि कारण शोधणं आणखी अवघड झालं असतं. खरोखर हजारो ग्राहक एका वेळी जोडलेले असतील तेव्हा ‘लिमिट एनओफाइल’ जरूर वाढवा, पण आधी क्लोज-वेट मोजा.

रांग भरली पण उघड्या फाइली थोड्याच असतील, तर प्रोग्राम दुसऱ्या कशाची तरी वाट बघतोय: डेटाबेसची, एखाद्या लॉकची, न मिळणाऱ्या डीएनएसच्या उत्तराची. ‘एसट्रेस -पी’ आणि प्रोसेसचा क्रमांक दिला की ती कुठल्या कॉलवर अडून बसलीय ते दिसतं. ‘पीएस’मध्ये स्थिती ‘डी’ असेल तर ती डिस्कवर किंवा तुटलेल्या एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) अडकलेली असते आणि किल -९ नेही सहसा हलत नाही. आधी ती डिस्क बघा.

७. बंद पडलेली सर्व्हिस एसएसएचच असेल तर

एक चांगली गोष्ट अशी की एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिनच्या, जोडण्या ऐकणारा मुख्य एसएसएचडी पडला तरी आधीपासून उघडी असलेली सेशन सहसा चालू राहतात, कारण त्यांच्या प्रोसेस वेगळ्या असतात. म्हणून एसएसएचच्या सेटिंगला हात लावताना हा क्रम मोडू नका:

आधी दोन सेशन उघडा. बदल करा. ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवा. टी म्हणजे सेटिंग तपास. काही न बोलता परत आलं तर सेटिंग वाचण्याजोगी आहे. मग रीस्टार्ट. मग तिसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. ते झाल्याशिवाय पहिली दोन बंद करायची नाहीत.

उबुंटूच्या २२.१० पासून एक बदल आहे, तो पुष्कळांना चकवतो. तिथे पोर्ट २२ वर एसएसएचडीऐवजी ‘एसएसएच डॉट सॉकेट’मार्फत सिस्टमडी स्वतः ऐकतो आणि जोडणी आल्यावर एसएसएचडीला उठवतो. सेटिंगमध्ये पोर्ट बदलून एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी जुनाच पोर्ट ऐकत राहतो. २४.०४ वर ‘डेमन-रीलोड’ करून मग ‘एसएसएच डॉट सॉकेट’ रीस्टार्ट करावं लागतं. एसएसमध्ये पोर्टसमोर ‘सिस्टमडी’ दिसलं तर हेच चाललंय, कोणी घुसखोरी केलेली नाही.

८. आता रीस्टार्ट

टिपणं झाली, कारण सापडलं किंवा निदान पुरावा फाइलमध्ये ठेवला. आता रीस्टार्ट करा, पण सेटिंग तपासून. एन्जिनएक्सला ‘एन्जिनएक्स -टी’, अपाचीला ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’. चालू असलेला एन्जिनएक्स चुकीच्या सेटिंगवर रीलोड केला तर जुन्या सेटिंगवर चालत राहतो. रीस्टार्ट केला तर बंद होतो आणि परत उठत नाही. उठल्यावर पुन्हा एसएस, पुन्हा आतून एनसी, पुन्हा बाहेरून एनसी.

आणि ज्यावर तुमची देखरेख चालते ती तपासणी बदला. प्रोसेस आहे का, एवढंच विचारणारी तपासणी आमच्याकडे त्या तीनही रात्री हिरवी होती. पोर्ट जोडला जातो का एवढं विचारणंही पुरत नाही, कारण रांग भरेपर्यंत कर्नल होच म्हणत राहतो. बाहेरच्या मशीनवरून दर मिनिटाला एक खरी विनंती पाठवा, पाच सेकंदांत खरं उत्तर आलं नाही तर फोन वाजू दे. सोबत एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, जी त्याच क्षणी एसएसचं आउटपुट, उघड्या फाइलींची संख्या आणि लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी तारीख-वेळेच्या नावाने एका फाइलमध्ये टाकेल. रात्री दीड वाजता झोपेतून उठून हे हाताने टिपायची वेळ येऊ नये.